शंभर टक्के फॉर्म भरले, मग?

नीट ऐका. तुम्ही इथून एचआर शिकून बाहेर पडलात, चाकण, रांजणगाव, हिंजवडी, ठाणे, जिथे मिळाली तिथे नोकरीला लागलात, याचा मला आनंद आहे. त्याच हक्काने आज बोलते आहे. एप्रिल-मे उलटला की तुमच्यापैकी कुणी ना कुणी मला कळवतो, ‘मॅडम, यंदा शंभर टक्के अप्रेझल वेळेत क्लोज केली.’ रोज दोन रिमाइंडर, मॅनेजरच्या साहेबाला सीसी, राहिलेल्यांची लाल रंगातली यादी, असं करून पोर्टलवरचा आकडा शंभरावर नेला, हे तुम्ही यश म्हणून सांगता. फॉर्म गोळा करणं हे कारकुनी काम आहे. ते व्हायलाच हवं, त्याची शाबासकी मागायची नसते. कंपनीत राबणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या वर्षभराच्या कामाचा खरा आणि न्याय्य हिशेब मिळावा, यासाठी तुम्हाला नेमलंय. तो मिळाला का, याची चौकशी तुमच्यापैकी किती जणांनी केली?

यंदा तुमच्यापैकी एकाने मला तीन फॉर्म दाखवले, नावं झाकून. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. एक मेंटेनन्स इंजिनीअर, एक क्वालिटी इन्स्पेक्टर, एक स्टोअर सांभाळणारा. तिघेही एकाच प्लांट मॅनेजरच्या हाताखाली. तिन्ही फॉर्मवर शेरा एकच: ‘काम समाधानकारक. अधिक पुढाकार घेणे अपेक्षित.’ अक्षर न् अक्षर तेच. इंजिनीअरने सेल्फ-अप्रेझलमध्ये दीड पान लिहिलं होतं. एका जुन्या हायड्रॉलिक प्रेसचं ऑइल सील सारखं जायचं. त्याने ऑइलचं तापमान रोज टिपायला सुरुवात केली, ऑइल कूलर गाळाने चोक होतोय हे शोधून काढलं, तो साफ करायचं वेळापत्रक लावून घेतलं, आणि सप्टेंबरनंतर मार्चपर्यंत ते सील एकदाही बदलावं लागलं नाही. या दीड पानासमोर मॅनेजरच्या रकान्यात ‘ओके’ एवढंच होतं. रेटिंग तीन.

फॉर्म दाखवणाऱ्याला मी विचारलं, तीन का? म्हणाला, ‘मॅनेजरने चार दिलं होतं, नॉर्मलायझेशनमध्ये तीन झालं.’ कुणी केलं? का केलं? ‘चारचा कोटा भरला होता.’ आणि त्या माणसाला हे समोर बसवून कुणी सांगितलं? ‘इन्क्रिमेंट लेटरमध्ये आलं ना, मॅडम.’

हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, याचा मला जास्त राग आला. पुढाकार म्हणजे आणखी काय असतं? पगारात बसेल तेवढंच काम करणारा माणूस गरम ऑइलच्या टाकीजवळ रोज थर्मामीटर घेऊन उभा राहत नाही. त्याने पुढाकार घेतला, लिहून दाखवला, आणि तुम्ही त्याला कळवलंत की पुढाकार घे. पुढच्या वर्षी तो दीड पान लिहिणार नाही, दोन ओळी लिहील. मग तुम्हीच मीटिंगमध्ये म्हणाल, लोक सेल्फ-अप्रेझल गांभीर्याने घेत नाहीत.

हे शिकवलं नव्हतं असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. डग्लस मॅकग्रेगरने १९५७ सालीच ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लिहून ठेवलं की हाताखालच्या माणसाच्या लायकीचा निवाडा करायला बसवलं की मॅनेजर कचरतो, म्हणून माणसाने आपली उद्दिष्टं स्वतः मांडावीत आणि साहेबाने त्याला ती गाठायला मदत करावी. १९६५ मध्ये मेयर, के आणि फ्रेंच या तिघांनी जनरल इलेक्ट्रिकमधला अभ्यास मांडला. वर्षातून एकदा बसवून केलेल्या टीकेने काम सुधारत नाही, उलट बिघडतं. नुसत्या कौतुकाचाही फारसा उपयोग होत नाही. दोघांनी मिळून ठरवलेल्या नेमक्या उद्दिष्टांनी काम सुधारतं. आणि पगारवाढीची बैठक व सुधारणेची बैठक एकत्र घेऊ नये. यातलं प्रत्येक वाक्य तुम्ही परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात पडल्यावर ते कुठे गेलं?

आणि हे सगळं परदेशातलं म्हणून बाजूला सारू नका. १९७४-७५ च्या सुमारास मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने आपली अप्रेझलची पद्धत तपासायला आयआयएम अहमदाबादच्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावलं. फॉर्ममधले चार रकाने बदलून ते परत गेले नाहीत. कामाचं मूल्यमापन, माणसाची पुढची कुवत, त्याच्याशी बोलणं, त्याचं प्रशिक्षण, त्याची वाटचाल, हे सगळं एकमेकांशी जोडलेलं असायला हवं असं त्यांनी सांगितलं, आणि त्यातून आपल्याकडच्या उद्योगात स्वतंत्र एचआरडी विभागाची सुरुवात झाली. म्हणजे ज्या खात्यात तुम्ही बसता, ते खातंच अप्रेझल धड करण्याच्या खटपटीतून उभं राहिलंय. ते काम तुम्ही पोर्टलवर सोडून दिलंत.

आता कुठे चुकतं ते बघा. तुम्हाला मार्चमध्ये जाग येते. अप्रेझल एप्रिलमध्ये सुरू व्हायला हवं, वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात, केआरए म्हणजे कामाच्या मुख्य अपेक्षा ठरवताना. तुमच्याकडे केआरए भरले जातात जुलैत, तेही मागच्या वर्षीची फाइल उघडून, साल बदलून. मेंटेनन्सवाल्याच्या केआरएत ‘लाइनचा डाउनटाइम कमी करणे’ असं लिहिता आणि पुढे एक टक्केवारी ठोकता. स्पेअरची खरेदी कुणाच्या सहीने होते? परचेसच्या. मशीन मेंटेनन्ससाठी बंद ठेवायचं कोण ठरवतं? प्रॉडक्शन. मग डाउनटाइमचा अख्खा आकडा एकट्या त्याच्या डोक्यावर का? एडवर्ड्स डेमिंग आयुष्यभर कंठशोष करून सांगत राहिले की कामातले बहुतेक दोष व्यवस्थेचे असतात आणि त्यांची शिक्षा माणसाला होते. वार्षिक गुणांकनाला ते उद्योगाला जडलेल्या जीवघेण्या रोगांत मोजत. तुम्ही डेमिंगइतके कडक होऊ नका, पण निदान प्रत्येक केआरएपुढे हा प्रश्न विचारा: यातलं या माणसाच्या हातात किती? जे हातात आहे तेच त्याच्या नावावर लिहा. ‘क्रिटिकल मशीनचं ठरलेलं मेंटेनन्स ठरल्या तारखेला करणे, तारीख हुकली तर कारणासह त्याच दिवशी कळवणे’, हे त्याच्या हातात आहे आणि तपासताही येतं. चार-पाच केआरए पुरतात. चौदा केआरए लिहून प्रत्येकाला सातेक टक्के वजन देणारी शीट मी पाहिली आहे. त्या माणसाला सकाळी कामावर आल्यावर आधी काय करायचं ते त्या शीटवरून कळणार नाही.

आणि मध्येच काम बदललं तर केआरए बदला. ऑक्टोबरमध्ये माणसाला दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवायचं आणि मार्चमध्ये जुन्या प्रोजेक्टचं टार्गेट त्याच्यासमोर धरायचं, हा सरळ अन्याय आहे.

एप्रिल ते मार्चच्या मधल्या महिन्यांबद्दल तर बोलायलाच नको, कारण त्या महिन्यांत तुम्ही काहीच करत नाही. मॅनेजरला मार्चमध्ये आठवतं ते जानेवारी-फेब्रुवारीतलं. मेमध्ये दोन रात्री जागून शटडाउन निभावलेला माणूस विसरला जातो आणि फेब्रुवारीत एकदा उशिरा आलेला लक्षात राहतो. शिवाय एका गुणावरून सगळ्या गुणांचे मार्क देण्याची खोड. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी दिलेले गुण तपासले, तर एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस त्यांना सगळ्याच बाबतींत चांगला वाटलेला दिसला. इंग्रजी फाडफाड बोलणारा टीम लीड तुमच्याकडे ‘ओनरशिप’मध्येही पाच घेऊन जातो, तो याच खोडीमुळे. शंभर वर्षं जुनी गोष्ट आहे ही.

यावर उपाय अवघड नाही, तुम्ही तो करवून घेत नाही. दर महिन्याला प्रत्येक माणसासाठी दहा मिनिटं. मॅनेजरने त्याच्याशी बोलायचं आणि दोन-तीन ओळी लिहून ठेवायच्या. हाताखाली बारा माणसं असतील तर महिन्याचे दोन तास झाले. दोन तास काढता येत नसतील तर त्या मॅनेजरला बारा माणसं देऊ नका, आणि हे त्याच्या साहेबाला सांगायची हिंमत तुमच्यात हवी. लिहायचं कसं, तेही शिकवा. ‘ॲटिट्यूड चांगला नाही’ ही नोंद नव्हे, तो मॅनेजरचा मूड आहे. नोंद अशी असते: ‘१२ ऑगस्ट. ग्राहकाकडून रिजेक्शनची तक्रार आली. त्याच दिवशी लॉट वेगळा काढला, पण पुढच्या शिफ्टला सांगितलं नाही. रात्री तोच दोष पुन्हा गेला. बोललो. हँडओव्हर रजिस्टरमध्ये लिहायचं ठरलं.’ तारीख, काय घडलं, त्याने काय झालं, पुढे काय ठरलं. अशा दहा-बारा नोंदी हाताशी असल्या की मार्चमध्ये कुणाला कल्पनाशक्ती लढवावी लागत नाही, आणि माणसालाही काही नवीन ऐकावं लागत नाही. वार्षिक बैठकीत एखाद्याला पहिल्यांदाच कळलं की त्याचं काम कमी पडतंय, तर ती चूक मॅनेजरची आणि त्याच्यावर लक्ष न ठेवणाऱ्या तुमची. त्या माणसाची नाही.

आता बेल कर्व्ह. हा विषय निघाला की तुम्ही सगळे खाली बघता, कारण त्यात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आठ जणांच्या टीममध्ये एक तरी तळाचा हवाच, असा नियम तुम्ही लावता. हजार माणसांत कामाचा चढउतार असेल. म्हणून आठ निवडून घेतलेल्या, एकाच मॅनेजरने घडवलेल्या माणसांत तो त्याच प्रमाणात असेल, हे तुम्हाला कोणत्या संख्याशास्त्राने सांगितलं? जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्चने वरचे वीस, मधले सत्तर, तळाचे दहा टक्के अशी प्रतवारीची पद्धत चालवली, जगाने तिची नक्कल केली. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी सक्तीची प्रतवारी बंद केली, पुढे जनरल इलेक्ट्रिकनेही ती वाट सोडली. तुमच्या कंपनीत ती अजून आहे, कारण इन्क्रिमेंटचं बजेट ठरलेलं आहे आणि बजेट कमी आहे हे लोकांना तोंडाने सांगण्यापेक्षा त्यांचं रेटिंग पाडणं सोपं जातं. बजेट कमी असेल तर तसं सांगा. ‘तुझं काम चारचं आहे, यंदा कंपनीकडे एवढीच वाढ आहे,’ हे ऐकून माणूस नाराज होईल, पण त्याचा स्वतःच्या कामावरचा विश्वास शाबूत राहील. पैसे वाचवण्यासाठी चांगल्या कामाला मध्यम म्हणणं हा खोटेपणा आहे, आणि त्यावर तुमची सही असते.

मॅनेजरांनी दिलेली रेटिंग एकत्र बसून तपासायला माझा विरोध नाही. ती तपासलीच पाहिजेत. एक मॅनेजर हात सैल सोडतो, दुसरा कुणालाच चार देत नाही. स्कलन, माउंट आणि गॉफ यांच्या २००० सालच्या अभ्यासात तर दिसलं की रेटिंगमधल्या फरकातला अर्ध्याहून अधिक भाग रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या तऱ्हेचा असतो. पण बाजारात दोन दुकानांचे काटे वेगळं वजन दाखवत असतील तर काटे तपासतात, गिऱ्हाइकाच्या पिशवीतले गहू काढून घेत नाहीत. त्या बैठकीत मॅनेजरला विचारा, चार का दिलंस, दाखव नोंद. तीन का दिलंस, दाखव नोंद. नोंद पटली तर रेटिंग कायम, मग कोटा भरलेला असो वा नसो. बदलायचं ठरलं तर कारण लिहून ठेवा, कुणाच्या सांगण्यावरून तेही लिहा, आणि मॅनेजरला ते आधी कळू दे. ‘वरून आलं’ असं मॅनेजरला म्हणावं लागलं तर तुमची बैठक फुकट गेली. डेलॉइटने स्वतःचा हिशेब काढला तेव्हा वर्षाला जवळजवळ वीस लाख तास या सगळ्या प्रक्रियेत जात होते, आणि त्यातले कितीतरी तास वरिष्ठांच्या आपसातल्या चर्चेत. हे त्यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिलं. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याशी बोलायला वेळ नाही आणि त्याच्या पाठीमागे बोलायला तासन् तास आहेत, हे तुमच्याकडेही चालतं.

रेटिंग तपासण्याच्या अशाच एका बैठकीत आणखी एक वाक्य मी ऐकलंय, आणि ते बोलणाऱ्यात एचआरची मुलगी होती. ‘ती सहा महिने मॅटर्निटीवर होती ना, मग तिला तीनच ठेवू, तिला तसाही फरक पडणार नाही.’ पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आहे. ती रजा मेहेरबानी नाही आणि गैरहजेरीही नाही. जितके महिने ती कामावर होती, तितक्या महिन्यांचं काम बघा आणि त्यावर रेटिंग द्या. तुमच्यातल्या मुलींना तरी हे वेगळं सांगावं लागू नये.

मग ती समोरासमोरची बैठक. तिचं तुम्ही पार मातेरं केलंय. काचेच्या केबिनमध्ये, बाहेर सगळी टीम बघत असताना, मॅनेजरचा फोन टेबलावर थरथरत असताना, पंधरा मिनिटांत ‘सब ठीक ना?’ म्हणून उरकलेली बैठक मला दाखवू नका. बंद खोली घ्या, पाऊण तास तरी द्या, फोन बाहेर. आधी माणसाला बोलू द्या, त्याने लिहिलेलं मॅनेजरने आधी वाचलेलं असू दे. चांगलं काय झालं ते नेमक्या घटनेसह सांगा. सुधारणेचे मुद्दे दोनच घ्या. सात मुद्दे ऐकून कुणी सुधारत नाही, तो फक्त स्वतःचा बचाव करत बसतो. आणि पगाराचा आकडा त्या दिवशी काढूच नका. आकडा कळला की पुढचं एकही वाक्य कानात शिरत नाही. पगाराची बैठक दोन-तीन आठवड्यांनी, वेगळी, छोटी. पण तीही तोंडी आणि लेटरच्या आधी.

मॅनेजरला हे जमत नाही म्हणता. कसं जमेल? काल वेल्डिंगमध्ये उत्तम होता म्हणून आज सुपरवायझर केलंत. परवापर्यंत कोडिंग करणाऱ्या मुलीला टीम लीड केलंत आणि ज्यांच्यासोबत ती कँटीनमध्ये जेवते त्यांना रेटिंग द्यायला लावलंत. तिला एक पीपीटी आणि एक लिंक पाठवून प्रशिक्षण झालं असं नोंदवलंत. फेब्रुवारीत त्यांना चार-पाच जणांच्या गटात बसवा, नावं बदलून खऱ्या केसेस द्या, एकाला मॅनेजर करा, एकाला नाराज कर्मचारी करा, आणि बोलायला लावा. पहिल्यांदा सगळे अडखळतात. अडखळायचं ते तिथे अडखळू दे.

‘माझं पटलं नाही’ म्हणणाऱ्याने जायचं कुठे? सरकारी नोकरीतला माणूस कोर्टात गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या प्रकरणात सांगितलं की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद त्या माणसाला कळवलीच पाहिजे, ती चांगली असली तरी. त्यांच्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता, वरकरणी निर्धोक. पण बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता आणि तो शेरा त्यांना कळवलाच नव्हता, त्यामुळे दादही मागता आली नाही. तो निकाल सरकारी आणि सार्वजनिक सेवेपुरता आहे. पण त्यामागचा न्याय तुमच्या खाजगी कंपनीच्या गेटवर थांबावा, असं तुम्हाला वाटतं का? तुमच्याकडे ‘थ्री’ मिळालेल्या माणसाला तो बढतीच्या यादीतून गळाला हे किती महिन्यांनी समजतं? असहमती नोंदवायला रकाना ठेवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, मॅनेजरच्या वरचा आणि दुसऱ्या खात्यातला असे दोघे ती तक्रार वाचू देत, आणि उत्तर लेखी जाऊ दे. ज्याने दाद मागितली त्याला पुढच्या वर्षी ‘डिफिकल्ट’ म्हणून कुणी ओळखत असेल, तर त्या मॅनेजरला तुम्ही बोलावून घ्यायचं.

पीआयपीबद्दल, म्हणजे काम सुधारण्याच्या आराखड्याबद्दल, एकच सांगते. माणसाला काढायचं आधीच ठरलं असेल आणि कागद तयार करायला पीआयपी लावत असाल, तर त्यावर सही करू नका. सुधारायची खरी संधी, त्यासाठी लागणारी मदत आणि तपासता येणारं उद्दिष्ट नसेल, तर ती फसवणूक आहे.

‘मॅडम, प्लांट हेड ऐकत नाहीत.’ हे वाक्य दरवर्षी येतं. तुम्ही त्यांना कधी सांगितलंत? लेखी, उदाहरणासकट, दोन चांगली माणसं सोडून गेली तेव्हा? प्लांट हेडला रिजेक्शनचा आकडा रोज दिसतो, म्हणून तो त्यावर चिडतो. राजीनामा देताना माणसाने खरं काय सांगितलं, ते त्याला तुमच्याशिवाय कोण दाखवणार?

या महिन्यात एवढं करा. प्रत्येक खात्यातली तीन-चार माणसं निवडा; वरची, मधली, खालची, रात्रपाळीतलीही. त्यांना एकेकट्याला भेटा, मॅनेजरला न कळवता, आणि विचारा: गेल्या वर्षी तुझ्याकडून काय अपेक्षा होती ते तुला कधी कळलं? तुझं रेटिंग तुला कुणी, कुठे बसवून सांगितलं? त्यात नवीन ऐकावं लागलं का? बैठकीनंतर तुझ्या कामात काय बदललं? ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, तुमच्या भाषेत सफाईदार करू नका. मग ते कागद घेऊन आधी प्लांट हेडकडे जा, नंतर माझ्याकडे या.